विंडोज नव्याने टाकल्यावर वाय-फाय आणि आवाज दोन्ही गायब. ड्रायव्हरची सीडी नाही. काय करू?

सीडी शोधू नका, मिळाली तरी जुनीच असेल. खरी अडचण एवढीच की वाय-फायचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजमध्ये चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला देणं) सुरू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी लागणारा ड्रायव्हर आधीच असतो, त्यामुळे सहसा लगेच नेट येतं. मग विंडोज अपडेट चालवा आणि त्यातले ऑप्शनल अपडेट्स नक्की उघडून बघा, बरेच ड्रायव्हर तिथे लपलेले असतात.

तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांची विंडोजमधली यादी) पिवळं उद्गारचिन्ह राहिलं, तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. तिथला 'व्हेन' (VEN) पुढचा कोड म्हणजे चिप बनवणाऱ्याचं आडनाव समजा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी (10EC) म्हणजे रिअलटेक. 'डेव्ह' (DEV) पुढचा कोड नेमकी चिप सांगतो. आता लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून त्याच चिपचा ड्रायव्हर घ्या.

फॉरमॅट न करता विंडोज टाकलं होतं का? मग सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' (Windows.old) फोल्डर असेल. त्यातल्या विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअरमध्ये तुमचे जुने ड्रायव्हर आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' करताना तोच फोल्डर दाखवा. घाई करा, साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकतं.

ते 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' वालं सॉफ्टवेअर मात्र नको. माझ्या भावाने टाकलं, आवाज आला नाही, जाहिराती आल्या.