काटेरी झाडावरच्या नक्षीदार माश्या: फवारू का?

बऱ्याच जणांनी फोटो पाठवून एकच विचारलंय, बांधावरच्या काटेरी झाडांच्या बोंडांवर बारीक ठिपकेदार पंखांच्या माश्या बसतात, ह्या फळमाश्या का, आणि बागेत घुसतील का.

कुळ फळमाशीचंच आहे, टेफ्रिटिडी, पण ह्या फळात अंडी घालत नाहीत. अळी बोंडात बिया खाते नाहीतर खोडात गाठ करते. त्यामुळे बागेसाठी घाबरून फवारू नका, आणि मिथाइल युजेनॉलचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावून ह्या मिळणारही नाहीत, त्याला बागेतल्या बॅक्ट्रोसेराचे, म्हणजे फळात अंडी घालणाऱ्या फळमाश्यांचे नर येतात.

ओळखायचं तर आधी झाड बघा, माशी नंतर. झाडानुसार माशी बदलते, म्हणून नुसता माशीचा फोटो पाठवला की मी परत झाडाचाच मागतो. पिवळा धोत्रा काटेरी असला तरी तो खसखशीच्या कुळातला, आपल्याला हवंय ते करडई, उंटकटाऱ्याचं कुळ.

मग पंख. पंख किंचित पसरून हलवत चालते, मादीच्या पोटाच्या टोकाला टणक टोकदार नळी दिसते. काळं अंग, पंखावर नागमोडी जाड काळा पट्टा आणि खोडावर फुगीर गाठ असेल तर युरोफोरा कार्डुई, ही तर तणाचा बंदोबस्त करायला १९७४ मध्ये कॅनडात मुद्दाम सोडली होती. पिवळसर अंग आणि पंखभर जाळीसारखी नक्षी असेल तर झायफोसिया मिलिआरिया असू शकते. सडक्या फळांवरची लाल डोळ्यांची बारकी ड्रोसोफिला मात्र वेगळ्याच कुळातली, तिचे पंख बहुतेक साधेच असतात.

फक्त करडईवाल्यांनी सावध राहा, कारण राखाडी अंगाची, पंखाच्या टोकाजवळ तपकिरी डाग असलेली अकँथिओफिलस हेलियांथी रानटी काटेरी झाडांवरही वाढते आणि करडईच्या बोंडातही, मग बोंड आतून सडून घाण वास येतो. तशी बोंडं दिसली की तोडून नष्ट करा.

खात्री हवी असेल तर थोडी बोंडं बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं कापड बांधा, बरणी सावलीत ठेवा, माश्या आपोआप निघतील. त्यात चार पंखांचे बारीक किडेही निघाले तर ती माशी नाही, माशीवरची परजीवी गांधीलमाशी आहे, तिला मारू नका. फोटो वरून काढा, पंख पसरलेले दिसतील असा, आणि सोबत झाडाचं पान, बोंड दोन्ही येऊ द्या.