मॉड्यूल जुनं, एसडीके नवी

प्रश्न: आमच्या शेतकरी कंपनीच्या जिनिंगवर काटा पावत्यांचा हिशेब अझ्युअरच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या) एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे भाड्याच्या संगणकावर चालतो. ते सकाळी चालू, रात्री बंद करायला पायथनचं छोटं कमांड-लाइन मॉड्यूल आहे. पॅकेजेस नव्या आवृत्तीवर नेली आणि ‘सर्व्हिसप्रिन्सिपलक्रेडेन्शियल्समध्ये गेट_टोकन नाही’ अशी एरर येऊ लागली. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. त्याआधी काय काय बदलावं?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर: नवी एसडीके (अझ्युअरशी बोलणाऱ्या पायथन पॅकेजेसचा संच) लॉगिनच्या ऑब्जेक्टकडे गेट_टोकन हे प्रवेशाचं टोकन देणारं फंक्शन मागते आणि जुन्या क्लासमध्ये ते नाहीच. अझ्युअर-आयडेंटिटी पॅकेज घालून क्लायंटसीक्रेटक्रेडेन्शियल वापरा. जुनं ‘टेनंट’ (अझ्युअरवरची तुमच्या संस्थेची ओळख) आता ‘टेनंट_आयडी’ झालंय, ‘सीक्रेट’ आता ‘क्लायंट_सीक्रेट’. क्रमात टेनंट पहिला, म्हणून नावं लिहूनच मूल्यं द्या. नाहीतर क्लायंट आयडी टेनंटच्या जागी जाऊन बसेल. कॉम्प्युटमॅनेजमेंटक्लायंटलाही ‘क्रेडेन्शियल्स’ऐवजी एकवचनी ‘क्रेडेन्शियल’ लागतं.

यानंतर स्टार्टवर अडेल. वेळखाऊ कामांच्या नावाआधी आता ‘बिगिन_’ येतं: बिगिन_स्टार्ट, बिगिन_डीॲलोकेट. हाती येतो तो पोलर, म्हणजे काम पुरं झालं का ते विचारत राहणारं ऑब्जेक्ट. त्यावर रिझल्ट() चालवा, ते काम संपेपर्यंत थांबतं. नाही चालवलं तरी विनंती गेलेली असते, पण पुढे काम फसलं तर तुम्हाला पत्ता लागत नाही. मधेच लाइन गेली तर हीच कमांड पुन्हा द्या, बिघडत नाही. (रात्री पॉवर_ऑफ वापरत असाल तर तेही बदला. त्याने मशीन बंद दिसतं, भाडं मात्र चालूच राहतं. डीॲलोकेटने ते थांबतं. डिस्कचं मात्र द्यावं लागतं.)

इथवरच्या चुका ओरडून सांगतात. गप्प बसते ती जुन्या एसडीकेची एरर पकडणारी ‘एक्सेप्ट क्लाउडएरर’ची ओळ. एमएसरेस्टअझ्युअर हे जुनं पॅकेज संगणकावर पडून असलं की तिचा इम्पोर्ट बिनबोभाट होतो. नवी एसडीके मात्र एचटीटीपीरिस्पॉन्सएरर फेकते, म्हणजे ऐन वेळी ती ओळ काहीच पकडत नाही. अझ्युअर-कोअर या नव्या एसडीकेच्या पायाभूत पॅकेजमधून आधी रिसोर्सनॉटफाउंडएरर पकडा, मग एचटीटीपीरिस्पॉन्सएरर. पहिली ही दुसरीचीच पोटजात आहे. क्रम उलटला तर तिची पाळीच येणार नाही. तपासायला एखाद्या खोट्या नावाचं मशीन चालू करून पाहा. तुमच्या खात्याला परवानगी एकाच मशीनपुरती असेल तर ४०४ (सापडलं नाही) ऐवजी ४०३ (परवानगी नाही) येईल, तोही हाताळा.

जुन्या सेटअपला हात लावू नका, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा) करा. गावात नेट रडत असेल तर वर्ध्याला ‘पिप डाउनलोड’ने पॅकेजेस पेन ड्राइव्हवर घ्या आणि इकडे ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ देऊन बसवा. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती एकच हवी, कारण सोबत येणारं क्रिप्टोग्राफी पॅकेज आधीच कंपाइल केलेलं असतं. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एमएसरेस्टअझ्युअर घालूच नका. मग क्लाउडएररचा जिथे कुठे इम्पोर्ट उरला असेल, तिथे मॉड्यूल सुरू होतानाच पडेल.