तारवाबाहेरची मुलं कुठे गेली?

ताई,
माझा मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीनची. रोज संध्याकाळी दोघांना घेऊन प्रार्थनेला बसते. मोबाइलवर ख्रिस्ती बालगीतं लावते, बायबलमधली वचनं पाठ व्हावीत म्हणून भिंतीवर स्टारचा तक्ता लावलाय, आठवड्यातून एकदा हस्तकला. पण मला गाता येत नाही. इतर आया ग्रुपवर मुलांनी केलेल्या मेंढरांचे, तारवांचे फोटो टाकतात, ते पाहिले की आमचं काम बघवत नाही. शेवटी मुलं झोपल्यावर मीच ते नीट करत बसते. हल्ली मुलगा प्रार्थनेआधी विचारतो, "किती स्टार देणार?" सासूबाई म्हणतात, देवाच्या कामाचा खेळ मांडलाय. यजमान म्हणतात, चर्चचं संडे स्कूल आहे ना, मग घरी कशाला हा खटाटोप? आणि परवा नोहाचं तारू चिकटवता चिकटवता मुलाने विचारलं, "जी मुलं तारवात नव्हती, ती कुठे गेली?" मला काही सुचलं नाही. पसारा आवरला आणि त्याला झोपायला पाठवलं. माझं कुठे चुकतंय?
– एक आई

प्रिय आई,

मुलाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे, आणि तुम्ही ती तक्रारीसारखी अगदी शेवटी लिहिलीत.

नोहाच्या गोष्टीत प्राणी आहेत, इंद्रधनुष्य आहे, म्हणून आपण ती लहान मुलांची करून टाकली. मुळात ती एका भयंकर पुराची गोष्ट आहे: तारवात, म्हणजे नोहाच्या जहाजात, होते तेवढे वाचले, बाकीचे बुडाले. हत्तीची जोडी चिकटवताना तुमच्या मुलाला बाहेर राहिलेली मुलं आठवली, म्हणजे त्याने गोष्ट नीट ऐकली. तुम्हाला उत्तर सुचलं नाही यात लाजण्यासारखं काही नाही. चर्चचे भलेभले पाळकही इथे घोटभर पाणी पितील.

आता तुम्हीच तो विषय काढा. "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, ती मुलं वाचली नाहीत. फार वाईट झालं. देवालासुद्धा वाईट वाटलं होतं." शेवटचं वाक्य मी समजूत घालायला जोडलेलं नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, पुराच्या आधीच, देवाच्या मनाला खेद झाल्याचं लिहिलं आहे. इतकं सांगून थांबा आणि त्याला बोलू द्या. "ती मुलं वाईट होती म्हणून बुडाली" असं मात्र चुकूनही म्हणू नका. उद्या बहिणीला धपाटा घातल्यावर तो रात्री अंथरुणात स्वतःला त्याच मुलांच्यात मोजेल. पाऊस आला की तो घाबरतोय असं दिसलं तर 9व्या अध्यायातलं वचन वाचून दाखवा: पुन्हा असा जलप्रलय येणार नाही. त्याने आणखी काही विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसलं, तर "मलाही कळत नाही, आपण देवाला विचारू" हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

ते तारू सध्या माळ्यावर टाका. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, या वयाच्या हाताला आणि मनाला पेलतील अशा गोष्टी भरपूर आहेत. माझी आवडती मार्कच्या 2ऱ्या अध्यायातली, पक्षाघात झालेल्या माणसाची. चौघे मित्र त्याला बाजेवरून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडतात. बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकणाला मोठं भोक पाडा. जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा, त्याच्या चारी कोपऱ्यांना दोरे. त्यावर कागदाचा नाहीतर मातीचा माणूस. दोन दोरे मुलाच्या हातात, एक मुलीच्या, एक तुमच्या. आता हळूहळू खाली सोडा. मुलगी घाई करणारच, आणि माणूस घरंगळून खोक्यात पडणारच. पुन्हा वर घ्या. चारही दोर एका वेगाने सोडल्याशिवाय तो सरळ खाली उतरत नाही, हे त्यांच्या बोटांना आपोआप कळेल, तुम्ही मैत्रीवर भाषण द्यायची गरज नाही. हा खेळ दोन-तीन आठवडे चालू द्या. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी हस्तकला ही हौस मोठ्यांची असते. मुलांना तेच तेच पुन्हा हवं असतं.

या खोक्याचा फोटो चांगला येणार नाही, हा त्याचा मोठाच गुण. रात्री बसून मुलांचं काम नीट करणं आजपासून बंद करा. तीन वर्षांच्या मुलीला रेघेवरून कात्री चालवता येत नाही, पण कागद फाडायला आणि चिकटवायला मनापासून आवडतं. तिच्या मेंढराला पाच पाय असतील तर असू देत. सकाळी उठून पाहिलं तर पाचवा पाय गायब, यातून तिला एकच कळतं, आपलं काम आईला पसंत पडलं नाही. आणि ग्रुपवरची ती देखणी मेंढरंही कुणाच्या तरी आईने मध्यरात्री बसून केलेली असणार, याची मला बरीच खात्री आहे.

स्टारचा तक्ता काढा. मुलगा लोभी झालेला नाही, तक्ता त्याचं काम चोख करतोय. 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. स्केचपेनने चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडायचं, अशा काही मुलांना आधी सांगून ठेवलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांना ते दिलंही. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. गोष्ट चित्रांची आहे, पण "किती स्टार?" हा प्रश्न तुम्ही स्वतः ऐकलाय. तक्ता गुपचूप काढू नका, दोघांना सांगून काढा. दोन-चार दिवस कुरकुर होईल.

आता गाणं. मोबाइल बाजूला ठेवा आणि स्वतः गा, बेसूर गा. मोबाइलमधलं गाणं मुलासाठी थांबत नाही, तुम्ही थांबू शकता. ओळीचा शेवटचा शब्द गाळून मुलीकडे बघा, ती तो भरेल. उशिरा भरेल, चुकीचा भरेल, पण भरेल. अगदीच धीर होत नसेल तर बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. त्याच्या सव्वीसही वचनांत एकच पालुपद येतं, "त्याची दया सनातन आहे." एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपदाने साथ द्यायची, अशीच त्याची ठेवण आहे. सूर लागला नाही तरी टाळी पुरते. "ज्याने सूर्य केला..." तुम्ही म्हणा, मुलं ओरडून उत्तर देतील. एकदा पालुपद तोंडात बसलं की ओळी त्यांना करू द्या. "ज्याने मुंग्या केल्या." "ज्याने आजीचा गुडघा बरा केला." व्याकरण, चाल, कशाचीही फिकीर करू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, घरात शांत बसण्यालाही जागा हवी. ती त्यांच्याकडेच सोपवा. गाणं आणि खेळ झाला की शेवटची दोन मिनिटं आजीची: हात जोडायचे, डोळे मिटायचे, प्रार्थना आजी करणार. तुम्ही डोळे उघडे ठेवून कुणी चुळबूळ केली का हे बघत बसू नका. आणि त्या निवांत असताना निर्गम या पुस्तकाचा 31वा अध्याय त्यांच्याबरोबर वाचा. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी देव बसालेल या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो, ते कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं कोरायला, लाकडाचं नक्षीकाम करायला. हात चालवणं आणि भक्ती यांत पवित्र शास्त्राला अंतर दिसत नाही. पण हे जिंकल्याच्या आवाजात सांगाल तर सगळंच फुकट जाईल.

यजमानांना सांगा, 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा भरवली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना निदान सुट्टीच्या दिवशी लिहिता-वाचता यावं म्हणून. घराची जागा तिने घ्यावी, हा हेतू नव्हता. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात तर मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोलायच्या वेळाच दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वाटेने चालण्याचं खातं यजमानांना देऊन टाका. शाळेत सोडायला जातात तेव्हा एक गाणं गुणगुणलं तरी चालेल. तुम्ही आखलेल्या कार्यक्रमात मात्र त्यांना ओढू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या.

रोज अर्धा तास बसवलंच पाहिजे असंही नाही. दहा मिनिटं पुष्कळ झाली. ताप असेल, पाहुणे असतील, तुम्ही दमला असाल, त्या दिवशी नुसतं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या आणि दिवा मालवा. दुसऱ्या दिवशी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका.

हस्तकलेचे ढीग साचले आणि येशूचं चित्र असलेला कागद टाकवत नसेल, तर मुलांकडूनच त्यांच्या आवडीचे दोन कागद निवडून घ्या आणि वहीत चिकटवा. बाकीचे रद्दीत जाऊ देत, त्यात पाप नाही. आणि चमकी घरात आणू नका. ती पुढच्या ईस्टरपर्यंत झाडत बसाल.

तुमची,
ताई