गाडीच्या पाट्याची सुरी: तुम्ही विचारलेले प्रश्न

घरात रोज वापरायच्या लोहारी सुरीबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार आज घेतोय.

गावच्या लोहाराकडून भाजीची सुरी करून घ्यायचीय. त्याच्याकडे जीपचा जुना पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) पडलाय, तो चालेल का ऑनलाइन भारीतलं स्टील मागवू? (कराड)

चालेल काय, धावेल! पाट्याच्या स्टीलमधे साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो म्हणून ते तापवून विझवलं की कडक होतं, बांधकामाची सळई कितीही ठोका तशी होत नाही. फक्त बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा नको, वर्षानुवर्षं हादरे खाऊन तिथे बारीक चिरा गेलेल्या असू शकतात. आणि लोहारदादांना आधीच सांगा की पाठ (धारेच्या उलट बाजूची कड) २ ते २.५ मिलिमीटरच जाड ठेवा, कारण त्यांचा हात कोयत्यावर बसलेला असतो आणि जाड सुरीने गाजर कापलं जात नाही, कडकन फुटतं.

पण खरी मेख आहे पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून विझवून कडक करण्यात. स्टील कितीही भारी आणा, पाणी चुकलं की सगळं मुसळ केरात. पातं लालकेशरी होऊन त्याला लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून जरासं तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं, थंड पाण्यात नको, पातळ पातं तडकतं. हे काम सावलीत करायला सांगा, उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळतच नाही. विझवल्यावर कानस फिरवून बघा, ती न चावता घसरली म्हणजे कडक झालं. आता हे पातं काचेसारखं ठिसूळ असतं, खाली पडलं तर तुकडा उडेल, म्हणून थोडं नरम करावंच लागतं. जुने लोहार पातं एका जागी घासून चकचकीत करतात आणि तापलेल्या लोखंडावर पाठ टेकवून धरतात, मग पाठीकडून रंग सरकत येतो, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि धारेपाशी वाळल्या गवताचा पिवळा रंग पोचला रे पोचला की पाण्यात! बघत राहावं असं काम आहे ते. जमत नसेल तर घरच्या ओव्हनमधे २०० डिग्रीवर २ तास ठेवा, तेही छान होतं.

नवीन सुरी कांदा, कैरी कापली की काळी पडते, फोडींनाही लोखंडाचा वास येतो. खराब आहे का? (नागपूर)

अजिबात नाही ताई. आंबटाने लोखंडावर करडा-निळसर थर चढतो आणि तो चढू द्यायचा, तोच पुढे गंज अडवतो. काही दिवसांत वास जातो. तारेच्या घासणीने रोज चकचकीत केलीत तर मात्र थर कधीच बसणार नाही. तांबूस डाग दिसला तर तो गंज, तेवढाच घासून काढा.

सायकलवाल्या धारवाल्याकडून धार लावली, दोन दिवसांत परत बोथट. धारेवर निळी झाक दिसतेय. (पुणे)

ती झाक म्हणजे पातं कोरड्या चाकावर ३०० डिग्रीच्या आसपास तापलं, त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे तिथलं स्टील नरम पडलं. तेवढा भाग दगडावर, पाणी घालत, हळूहळू झिजवून टाका, खाली चांगलं स्टील मिळेल. निळं खोलवर गेलं असेल तर परत पाणी द्यावं लागेल.

पुढे घरीच १००० नंबरच्या दगडावर पाजवा. पातं दीड इंच रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटीमीटरभर वर धरा आणि दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागेपर्यंत एकच बाजू घासा, मग बाजू बदला. बरेच जण खरखर यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग म्हणतात धार लागत नाही.

कोकणात पावसाळ्यात रात्रीत गंज चढतो आणि मूठही हलायला लागलीय. (राजापूर)

कापून झालं की लगेच धुवा, फडक्याने कोरडी करा, मुठीच्या सांध्यातलं पाणीसुद्धा टिपा, आणि खोबरेलाचा हलका हात फिरवा. करडई-सूर्यफुलाचं तेल चिकट होऊन बसतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं, भिंतीवर उघडी टांगा, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच.

मूठ लाखेने बसवली असेल तर गरम पाण्यात लाख मऊ होते, म्हणून ती सिंकमधे भिजत घालू नका. हललेली मूठ काढून लाख आणि विटेची भुकटी गरम करून परत भरता येते, पण सुरी रोज पाण्यात जाणार असेल तर मी एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरून आरपार एक पितळी रिबीट मारायला सांगेन.