तिच्या नावानं ट्रस्ट काढू का?

"बायकोच्या नावानं ट्रस्ट काढायचाय, मुलगा आडवा येतोय. माझं चुकतंय का?" जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत असा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून.

काका सत्तरीचे. काकूंना जाऊन अडीच महिने झालेले. हातात जाड फाइल: लेटरहेडचा नमुना, सात विश्वस्तांची यादी. 12 लाखांची ठेव मोडायचं ठरवूनच आले होते. पाऊण तास कागदांबद्दलच बोलले. मी विचारलं, "काकूंना यातलं काय आवडलं असतं?" ते गप्प झाले आणि फाइलची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

अशा घाईत दिखावा क्वचितच असतो. रिकामं घर खायला उठतं, तेव्हा माणूस कामाला धरून राहतो. मला त्यात गैर काही वाटत नाही.

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं आणि काकूंची एखादी वस्तू आणायला सांगितली. काकांनी मापांची वही आणली. काकू घरी ब्लाउज शिवायच्या. छाती, उंची, बाही अशी पानंच्या पानं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'दहावी फॉर्म 400', 'गाईड 150'. गल्लीतल्या मुलींना दिलेले पैसे. काकांना याचा पत्ताच नव्हता. मुलगा वाचता वाचता थांबला. "बाबा, पैशाचं नव्हतं हो. तुम्ही आईबद्दल बोलतच नव्हता, नुसतं ट्रस्ट, ट्रस्ट." मग दोघंही रडले.

व्यवहाराचं त्यानंतर बोललो. सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे 1950च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की त्याची नोंद करायला चेंज रिपोर्ट. देणगीदारांना देणगीवर करसवलत हवी तर प्राप्तिकर खात्याची मान्यता वेगळी. हे पुढे कोण सांभाळणार? त्यापेक्षा शाळेकडे कायम ठेव ठेवून व्याजातून मदत करणं ही आपल्याकडची जुनी, सुटसुटीत रीत. 2 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 14 हजार होतात. मुद्दल मोडायचं नाही, हे मात्र लेखी घ्यावं. आणि स्वतःच्या औषधपाण्याच्या पैशाला हात लावू नये, वर्षश्राद्धापर्यंत मोठा निर्णय घेऊ नये, हे मी आग्रहानं सांगते.

ते थांबले. वर्षश्राद्ध झाल्यावर 2 लाख शाळेत ठेवले. दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत काका स्वतः शाळेत गेले, मापांची वही पिशवीत घेऊन.