मोठ्या कुरिअर कंपनीतलं वातावरण वरून आदेश काढून बदलता येतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या यूपीएसने २०२० मध्ये कंपनीबाहेरच्या बाईंना प्रमुख केलं, त्याच वर्षी कर्मचाऱ्यांच्या दाढीवरची बंदी उठवली, तर एवढ्या अवाढव्य पार्सल कंपनीतलं वातावरण असं वरून बदलतं का. माझी २३ वर्षं इथल्या एका मोठ्या कुरिअर कंपनीत गेली. पाकिटं वाटण्यापासून सुरुवात केली, शेवटी ठाण्यात शाखेचा इन्चार्ज होतो. कंपनीचं नाव घेत नाही. माझं उत्तर सरळ आहे: ज्यात कंपनीच्या खिशाला फार तोशीस पडत नाही तेवढं वरून बदलतं. बाकीचं बदलायला कुणीतरी हिसका द्यावा लागतो.

आता हे मी का म्हणतो ते सांगतो.

२९ ऑगस्ट २०१७, मंगळवार, गणपतीचे दिवस. त्या पावसात आपण कुठे अडकलो होतो हे मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल. भिवंडी हबची, म्हणजे माल छाटून शाखांना पाठवणाऱ्या केंद्राची, गाडी पहाटेच येऊन गेली होती, त्यामुळे सगळा माल शाखेत होता. साडेसहाशेच्या आसपास नग आणि १४ पोरं. अकराच्या सुमारास वंदना टॉकीजपाशी पाणी चढलं, बाइक बंद पडायला लागल्या. मी सगळ्यांना फोन करून परत बोलावलं.

संध्याकाळी सहाला रीजनल ऑफिसमधून साहेबांचा फोन. "एकही नग शेऱ्याशिवाय ठेवू नका." आता स्कॅनरचं असं होतं की नग वाटला नाही तर कारण निवडल्याशिवाय तो पुढे जाऊच द्यायचा नाही. यादीत कारणं चार. ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, घ्यायला नकार, ग्राहकाने पुढची तारीख मागितली. चारही कारणांत बोट ग्राहकाकडे. आमचा माणूस पोचलाच नाही, हे कारण यादीतच नव्हतं. आणि नग शेऱ्याविना पडून राहिला की शाखेचे गुण कापले जायचे, महिन्याचा इन्सेंटिव्ह बुडायचा, माझा आणि पोरांचाही. मी म्हटलं, टाका 'ग्राहक उपलब्ध नाही'. अर्ध्या तासात काम उरकलं. तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. रोज थोडंफार तेच चालायचं.

तिसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका शाखेत आल्या. हातात मोबाइल, त्यावर आमचा मेसेज. म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. तुमचा मुलगा येऊ शकला नाही, ते मला कळतं. पण मी घरी नव्हते असं का लिहिलंत?" आवाज चढवला नाही त्यांनी. पण लेखी तक्रार केली, ती वर गेली आणि वरून आदेश आला: ज्याच्या रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या वाटपाच्या यादीत, नग होता त्याच्याकडून माफीनामा घ्या आणि ५०० रुपये कापा.

पोरगा ठाण्याजवळच्या दिव्याचा, नोकरीला लागून आठ महिने झाले होते. माफीनामा लिहायला तो माझ्याच टेबलाशी बसला, पेनही माझंच घेतलं. "दादा, काय लिहू?" मी मजकूर सांगत गेलो, तो लिहीत गेला. 'माझ्या चुकीमुळे'पाशी तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढचं लिहिलं. पाचशे रुपये मी माझ्या खिशातून भरले. पण सही त्याची होती.

दुसऱ्या दिवशी मी २०० पानी वही आणली. स्कॅनरवर जे टाकावं लागतं ते टाका, पण वहीत खरं लिहा. वहीवरून कुणाला दंड नाही, कुणाचे गुण नाहीत. पोरं तिला 'खरी वही' म्हणायला लागली. पहिला आठवडा नुसतं 'पाऊस', 'गाडी बंद'. मग हळूहळू दुसरंच यायला लागलं. 'खारेगाव फाटक, ४० मिनिटं.' 'पाचवा मजला, लिफ्ट बंद, २२ किलो, पाठ धरली.' 'पत्ता मिळाला नाही, विचारायची लाज वाटली.' त्या नोंदी वाचून मी खारेगावच्या भागात जाणाऱ्या पोराला सकाळी लवकर सोडायला लागलो, जड नगांना दोघांना पाठवायला लागलो. आणि एक दिवस एकाने लिहिलं, 'बॉक्स फुटला, मी पाडला.' इतक्या वर्षांत 'मी पाडला' हे शब्द मी कुणाकडून ऐकले नव्हते. फुटलेला बॉक्स नेहमी मागच्या हबवरूनच फुटून आलेला असायचा. मला विचाराल तर वातावरण बदलणं म्हणजे एवढंच.

डिसेंबरात साहेब ऑडिटला आले. वही चाळली आणि म्हणाले, "हा कंपनीविरुद्ध पुरावा आहे, फाडून टाका." त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, संस्कृती वरून झिरपते. त्यांनी शाखाशाखांत 'आपण एक परिवार' सुरू केलं होतं: टी-शर्ट, वाढदिवसाला केक, भिंतीवर मूल्यांचा फलक. फलकावरचं पहिलं मूल्य प्रामाणिकपणा. त्याच फलकाखाली उभी राहून पोरं रोज संध्याकाळी खोटं कारण दाबत होती.

पुढच्या वर्षी स्कॅनरमध्ये पाचवं कारण आलं, 'वाटप होऊ शकले नाही'. वार्षिक बैठकीत ते परिवार उपक्रमाचं यश म्हणून दाखवलं गेलं. ते खरं नव्हतं. ज्या ऑनलाइन दुकानांचा माल आम्ही वाटायचो ती ग्राहकांना परस्पर फोन करून विचारायला लागली होती आणि प्रत्येक खोट्या शेऱ्यामागे आमचं बिल कापायला लागली होती. खोटं महाग पडायला लागलं, म्हणून पाचवं कारण आलं.

उलट्या बाजूनेही असंच होतं. २०१९ मध्ये नवी भरती बंद झाली आणि नवी पोरं वेंडरकडून यायला लागली, नगामागे १४ रुपये. त्याआधी नवा पोरगा पंधरा दिवस जुन्याच्या मागे बाइकवर बसून गल्ल्या शिकायचा. कोणता वॉचमन नग ठेवून घेतो, कोणत्या सोसायटीत दुपारी बेल वाजवायची नाही, सगळं त्या मागच्या सीटवर कळायचं. नगावर पैसे आल्यावर कोण कुणाला मागे बसवणार? त्याचा वेळ जातो, नग कमी होतात. कुणी आदेश काढला नाही, कुणी फलक लावला नाही, पण दोन महिन्यांत शाखा ओळखू येईनाशी झाली.

आता तुमच्या यूपीएसचं. १९०७ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये निरोप पोचवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, संस्थापक जिम केसी तेव्हा १९ वर्षांचे. आपल्याच माणसांना वर चढवायचं ही तिथली जुनी रीत. कॅरोल टोमे या बाहेरून आलेल्या पहिल्या प्रमुख, आधी होम डेपोचं अर्थखातं सांभाळायच्या. दाढीची परवानगी त्यांच्या काळात मिळाली हे खरं. पण तिथल्या कामगाराला जे खरोखर बोचत होतं त्याचं काय झालं ते बघा. अर्धवेळ नोकऱ्यांवरून १९९७ मध्ये १ लाख ८५ हजार कामगार १५ दिवस संपावर गेले, तेव्हा कुठे १० हजार पूर्णवेळ नोकऱ्या कबूल झाल्या. २०१८ च्या करारात कमी पगाराच्या ड्रायव्हरांचा वेगळा वर्ग आला होता. तो गेला २०२३ च्या करारात, तेही युनियनने संपाची तयारी केल्यावर. उन्हात तापणाऱ्या गाड्यांत एसीसुद्धा त्याच करारात पदरात पडला, आणि तोही २०२४ पासून घेतल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपुरता.

दाढीबद्दल मात्र माझं वरचं वाक्य जरा सैल करतो. धर्मामुळे दाढी ठेवणाऱ्यांना डावलल्याच्या दाव्यात कंपनीने २०१८ मध्ये ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती, म्हणजे तिथेही आधी हिसका बसलेलाच होता. आणि आमच्या साहेबांबद्दलही एक सांगायला हवं. २०१८ च्या पावसाळ्यात सगळ्या पोरांना चांगले रेनकोट त्यांनीच भांडून मंजूर करून आणले. माणूस वाईट नव्हता. वहीच्या बाबतीत चुकला, आणि शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

तुम्ही अशा कंपनीत नव्याने साहेब म्हणून जात असाल, तर फलक छापण्याआधी स्कॅनरमधली कारणांची यादी वाचा. पोराला खरं सांगायचं असेल तर तिथे जागा आहे का, आणि खरं सांगितल्यावर त्याच्या पगारातून किती कापलं जातं, ते बघा.

वही मी फाडली नाही. नोकरी सोडताना घरी घेऊन आलो. त्यातली पहिली नोंद दिव्याच्या त्या पोराच्या अक्षरात आहे, मागची तारीख टाकून लिहिलेली: '२९ ऑगस्ट. नौपाडा. गेलो नाही. पाणी.'