पोटावर हात ठेव, परत ठेव

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. धडगावकडचा पावरा मुलगा, रात्री पोट धरून आलेला, सोनोग्राफीत 'अपेंडिक्स दिसत नाही, थोडं पाणी आहे' एवढंच. हॉस्पिटलचे मालक म्हणाले, ओटी (ऑपरेशन थिएटर) लावा नाहीतर सीटीला पाठवा. तू सलाईन लावलंस, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलंस आणि दर तासाला त्याचं पोट बघत राहिलीस. पहाटे पोट मऊ पडलं, पाठ आणि मांड्याही दुखतात असं त्याने सांगितलं, सकाळी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराची, सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. एवढं सगळं झाल्यावर तू मला विचारतेस, 'सर, हाताच्या भरवशावर थांबले हा अडाणीपणा झाला का?'

असलं वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. राग आला मला. तुझा नाही, तुला असं वाटायला लावणाऱ्यांचा. सातपुड्याच्या पायथ्याशी सर्जरी करायची तर भिल्ल-पावरा रुग्णाचं पोट दुखतंय म्हटल्यावर सिकलसेल आठवायलाच हवा. तो मुलगा तसाच टेबलावर घेतला असता, अंगात पाणी कमी, ओटी गार, ऑक्सिजन जरा खाली, की पेशी आणखी वाकड्या झाल्या असत्या आणि पोटात काही बिघाड नसलेल्या पोराच्या खरोखरच जिवावर बेतलं असतं. पण म्हणून सिकलवाल्याला अपेंडिक्स होत नाही असंही नाही. त्यांना पित्ताशयात खडेही तरुणपणीच होतात, कारण तांबड्या पेशी सतत फुटत असतात. मग ओळखायचं कसं? पोटावर हात ठेवायचा, तासाभराने परत ठेवायचा, आणि तो त्याच माणसाचा हात असायला हवा. क्रायसिस, म्हणजे सिकलचा दुखण्याचा झटका, असेल तर पोट सैलावत जातं, अपेंडिक्स असेल तर उजवीकडे खाली घट्ट होत जातं. तू नेमकं हेच केलंस.

इंजेक्शन दिल्याबद्दल कुणी बोललं असेल तर तेही सोडून दे. दुखणं थांबवलं की निदान लपतं, असं आम्हाला शिकवलं होतं. पुढे चाचण्यांनी ते खोडून काढलं. दुखणं कमी झालेला रुग्ण पोट सैल सोडतो, हाताला उलट जास्त कळतं.

हात कसा ठेवायचा हे तुला शिकवलंय, तरी परत सांगतो, कारण रात्रीच्या घाईत सगळेच विसरतात. तळहात चोळून ऊन करून घे. खाटेशेजारी बस, उभ्याने पोट बघू नकोस. दुखतं त्याच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर. तळवा पूर्ण टेकव, बोटांची टोकं खुपसू नकोस. डोळे त्याच्या चेहऱ्यावर ठेव. तोंडाने 'नाही दुखत' म्हणणाऱ्याची भुवई हलते, ती बघ. पोट दाबून झटकन सोडायची पद्धत मला क्रूर वाटते. हलकं टकटक केलं किंवा खोकायला सांगितलं तरी तेच कळतं. लहान मूल आईच्या मांडीवरून उचलू नकोस, त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेव आणि त्यावर तुझा. बाजारपट्ट्यातला म्हातारा असेल तर 'काय व्हस बा तुले?' असं विचार. आपली अहिराणी ऐकली की माणूस श्वास सोडतो, पोटही सोडतो.

आणि परकराची नाडी सोडायला संकोच करू नकोस. म्हातारी बाई, पोट फुगलेलं, उलट्या, एक्स-रेत फ्लुइड लेव्हल्स (आतडं तुंबल्याची खूण), बरोबर रिपोर्टांची पिशवी. जांघेत सुपारीएवढी गाठ असते, फिमोरल हर्निया, आत आतडं अडकून काळं पडत आलेलं. दोन-तीन ठिकाणी दाखवून आलेली असते, पण नाडी कुणी सोडलेली नसते. अशा बाया पुरुष डॉक्टरपुढे लुगडं घट्ट धरून बसतात. तुझ्यापुढे बसणार नाहीत. हे तुझ्याकडे आहे, माझ्याकडे कधीच नव्हतं.

शेतात, खळ्यावर जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, उलटी झाली, पोट मात्र हाताला मऊ, तर पापण्या बघ. खाली पडत असतील तर मण्यार चावलेली आहे; दंशाची खूण बहुतेक वेळा सापडतच नाही. त्याला चाकू नको, सापाच्या विषावरची लस हवी आणि व्हेंटिलेटर जवळ हवा. शुगर वाढून आम्लता झालेल्याचं पोटही असंच फसवतं. दारू पिणारा, ताप, उजव्या बरगड्यांखाली दुखणं: बरगड्यांच्या मधल्या फटीत एक बोट दाब. तो कळवळला तर यकृतातला अमिबाचा गळू आधी शोध. बहुतेकांचं मेट्रोनिडॅझोलवर भागतं, मोठा असेल तर सोनोग्राफीखाली नळी टाकून पू काढावा लागतो. पोट उघडायची वेळ क्वचित येते.

याच्या उलट मिरची वाळवायच्या पथारीवरचा मजूर. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेऊन रोज खाणारा. एकाएकी सुरी मारल्यासारखं दुखलं, हलत नाही, श्वासही वरच्यावर घेतो, पोट फळीसारखं. मिरचीला उगाच दोष देतात. अल्सर होतो तो हेलिकोबॅक्टर जंतूने आणि असल्या गोळ्यांनी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा (आतडं किंवा जठर फुटल्याची खूण) दर चार-पाच जणांत एकाला दिसतच नाही. 'हवा नाही' म्हणून त्याला वॉर्डात ठेवलं की दुसऱ्या दिवशी पोटभर पू. इथे हातच सांगतो की थांबायचं नाही. थांबायचं केव्हा आणि धावायचं केव्हा, दोन्ही त्याच हाताला कळतं. म्हणून ठेव म्हणतो, परत ठेव म्हणतो.

मी सीटीच्या विरुद्ध आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं. साफ खोटं. अपेंडिक्सला सीटी शंभरात पंचाण्णवच्या आसपास बरोबर असतो, कुठल्याही हाताहून जास्त. म्हाताऱ्या माणसाला, लठ्ठ माणसाला, दोनदा हात ठेवूनही उमगलं नाही अशा पोटाला सीटी कर, अजिबात अडून बसू नकोस. फक्त फॉर्मवर 'पोटदुखी' एवढंच लिहून पाठवू नकोस. रेडिओलॉजिस्टला तुझ्या हाताला काय लागलं ते सांग. उजव्या कुशीत गोळा, पोट मळलेल्या कणकेसारखं, सहा महिन्यांत वजन उतरलेलं, असं लिहिलंस तर तोही टीबीच्या दिशेने बघेल. नाहीतर कॅन्सर म्हणून ज्याचं आतडं कापायचं, तो सहा महिन्यांच्या एकेटीवर (टीबीच्या औषधांवर) बरा होणारा निघतो.

या हट्टापायी माझं नुकसान झालं, ते झालंच. सोनोग्राफीत सहज सापडलेले, काहीही त्रास न देणारे पित्तखडे मी काढत नव्हतो. पोटावर हात ठेवायचो, नीट विचारायचो, आणि दुखणं खड्याचं नसलं तर घरी पाठवायचो. पेशंट पाठवणाऱ्यांनी पाठवणं बंद केलं. एका हॉस्पिटलने तर 'तुम्ही केस सोडता' म्हणून माझे दिवसच काढून घेतले. मला आजही वाटतं मी बरोबर होतो. पित्तनलिका कापली गेलेला रुग्ण ज्याने एकदा पाहिलाय, त्याला विनाकारण पित्ताशय काढायचं धाडस होणार नाही. खंत आहे ती वेगळी. दहा वाजता हाताला काय लागलं, बारा वाजता काय लागलं, हे मी कधी लिहून ठेवलं नाही. आज त्या वह्या असत्या तर तुझ्या मालकापुढे ठेवल्या असत्या. तू लिहीत जा. वेळ, नाडी, ताप, हाताला काय लागलं, खाली सही.

'तालुक्यात राहून मागे पडते' हे वाक्यही मला रुचलं नाही. दोंडाईचात बसून डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाची जाळी म्हणून वापरलं आणि २००३ साली ते रीतसर छापलं. पुढे युगांडात चाचणी झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरानंतर स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांत हर्निया परत होण्यात फरक नाही. हे आपल्या धुळे जिल्ह्यातलं काम आहे.

तरीही एमसीएचला, सर्जरीतल्या पुढच्या पदवीला, जायचं असेल तर खुशाल जा. यकृत, स्वादुपिंड ही कामं जिथे रोज होतात तिथेच शिकावीत आणि तिथेच करावीत. व्हिपल, स्वादुपिंडाचं ते मोठं ऑपरेशन, इथे एकटीने करायचा हट्ट मीही तुला करू देणार नाही. मोठ्या संस्थेत राउंड पडद्यासमोरच उरकतात. तू खाटेपर्यंत जा, पोटावर हात ठेव, संध्याकाळी परत ठेव, कुणी हसलं तरी. अर्ज या महिन्यातच भर. फीला कमी पडले तर घरी शेत विकायचा विषय काढण्याआधी मला फोन कर.

तुझा,
सर